दिव्यांगांना खरोखर शिकता येईल असं व्यावसायिक प्रशिक्षण: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या क्रमानं होतं. अभ्यासक्रम ठरतो, स्लाइड तयार होतात, सभागृह पक्कं होतं, जाहिरात जाते. मग नोंदणीच्या यादीत एखादा कर्णबधिर किंवा अंध उमेदवार दिसला की धावपळ सुरू होते. दुभाषी मिळत नाही, पुस्तिका स्कॅन केलेली निघते, चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ वाढवायची सोय नसते. शेवटी "या वेळी जमेल तसं करू" यावर येऊन गाडी थांबते. उमेदवार वर्गात बसतो, हजेरी लागते, पण शिकणं होत नाही.

क्रम सरळ करायचा तर कामाचे दोन भाग वेगळे धरा. साहित्य, ऑनलाइन मंच, चाचणी आणि जागा हा पाया आहे. तो कुणी दिव्यांग उमेदवार येणार आहे की नाही याची वाट न बघता घालायचा असतो, कारण तो ऐनवेळी घालता येत नाही. दुभाषी, ब्रेल, लेखनिक, जादा वेळ या व्यक्तीनुसार लागणाऱ्या सोयी आहेत. त्या उमेदवाराशी बोलून ठरवायच्या. पाया पक्का असेल तर दुसऱ्या भागाचं काम निम्म्यानं कमी होतं. तो नसेल तर कितीही दुभाषी आणा, भागत नाही.

टप्पा १: नेमकं काय शिकवायचं आहे ते लिहून काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

अभ्यासक्रमातलं प्रत्येक उद्दिष्ट घ्या आणि विचारा: ही क्षमता आहे, की ती दाखवायची आपली नेहमीची पद्धत? "उमेदवार ग्राहकाची तक्रार ऐकून घेऊन तोडगा सुचवतो" ही क्षमता. "फोनवर बोलून" ही पद्धत. काम चॅटवरून किंवा ईमेलवरून होत असेल तर कर्णबधिर उमेदवाराला फोनच्या कसोटीवर अडवायचं कारण उरत नाही. "हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाची नोंद करतो" ही क्षमता. "माऊसनं वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर क्लिक करतो" ही पद्धत. तेच काम कीबोर्डवरून होतं. "गटासमोर उभं राहून सादरीकरण करतो" यात उभं राहणं कुठून आलं, हे तर कुणालाच सांगता येत नाही.

काही वेळा पद्धत हीच क्षमता असते. प्रथमोपचाराच्या अभ्यासक्रमात छातीवर योग्य खोलीपर्यंत आणि योग्य गतीनं दाब देता येणं हेच प्रमाणपत्राचं सार असेल, तर ते तसंच ठेवा आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा. पण त्याच अभ्यासक्रमात परिस्थिती ओळखणं, मदत बोलावणं, दुसऱ्याला सूचना देऊन काम करवून घेणं हेही शिकवलं जात असेल, तर त्या भागाचं वेगळं प्रमाणपत्र देता येईल का, हा प्रश्न आताच सोडवा. उमेदवार दारात उभा असताना नको.

*तपासा:* प्रत्येक उद्दिष्टातून "पाहून", "ऐकून", "उभं राहून", "हातानं लिहून", "अमुक मिनिटांत" हे शब्द काढून वाचा. अर्थ तोच राहिला तर तो शब्द अनावश्यक होता. अर्थ बदलला तर तो ठेवा आणि का ठेवला त्याची एक ओळ शेजारी लिहा. ही ओळ पुढे चाचणीच्या वेळी उपयोगी पडते.

टप्पा २: एक माणूस, एक खर्चाची ओळ, एक तारीख

हे थोडक्यात. सुगम्यतेची, म्हणजे सगळं दिव्यांगांना वापरता येईल असं ठेवण्याची, जबाबदारी एका नावानिशी व्यक्तीकडे द्या. "सगळ्यांची जबाबदारी" असली की फोन कुणीच उचलत नाही. अंदाजपत्रकात या खर्चाची स्वतंत्र ओळ सुरुवातीपासून ठेवा आणि हा खर्च उमेदवाराच्या शुल्कात टाकू नका.

तारखा मागून मोजत या. सांकेतिक भाषेचे दुभाषी आणि थेट कॅप्शन लिहिणारे (बोललेलं त्याच क्षणी पडद्यावर टाइप करणारे) लोक थोडे असतात, त्यामुळे त्यांना सहा ते आठ आठवडे आधी सांगावं लागतं. साहित्य उमेदवारांच्या हाती किमान एक आठवडा आधी पडलं पाहिजे. म्हणजे स्लाइड आदल्या रात्री संपवायची प्रशिक्षकाची सवय इथं चालणार नाही. त्याला हे करारातच सांगा.

बाहेरून सॉफ्टवेअर किंवा तयार अभ्यासक्रम विकत घेणार असाल तर सुगम्यतेची अट खरेदीच्या कागदात लिहा. "तुमचं उत्पादन सुगम्य आहे का?" या प्रश्नाला प्रत्येक विक्रेता "हो" म्हणतो. त्याऐवजी म्हणा: "माऊस बाजूला ठेवून, स्क्रीन रीडर चालू करून, लॉगिनपासून चाचणी जमा करण्यापर्यंत आमच्यासमोर करून दाखवा." (स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.)

टप्पा ३: जाहिरात आणि नोंदणी अर्ज

पहिला अडथळा बहुधा इथंच असतो, आणि तो दिसतही नाही, कारण जो अडला तो तक्रार करायलाही येत नाही.

जाहिरात फक्त चित्राच्या स्वरूपात पाठवू नका. रंगीत पोस्टरवरची तारीख, वेळ आणि पत्ता स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. त्याच्यासाठी ते नुसतं एक चित्र असतं. पोस्टर हवं तर ठेवा, पण तोच मजकूर खाली अक्षरांत लिहा. संपर्कासाठी फक्त फोन नंबर देणं म्हणजे कर्णबधिरांना वगळणं. फोन, मेसेज आणि ईमेल असे पर्याय द्या. "मी माणूस आहे" हे सिद्ध करायला चित्रं ओळखायला लावणारी पायरी अर्जात असेल तर काढून टाका.

अर्जातला प्रश्न कसा असावा? "आपण दिव्यांग आहात का? असल्यास प्रमाणपत्र जोडा" हा नव्हे. त्यातून अडचण कळते, सोय कळत नाही. शिवाय अनेकजण नाकारलं जाण्याच्या भीतीनं "नाही" लिहून मोकळे होतात. असं विचारा:

"प्रशिक्षणात पूर्ण सहभाग घेता यावा म्हणून आपल्याला कोणती सोय लागेल? (उदा. सांकेतिक भाषेचा दुभाषी, कॅप्शन, मोठ्या अक्षरातलं किंवा ब्रेल साहित्य, आधी पाठवलेलं साहित्य, पायऱ्या नसलेली जागा, चाचणीत जादा वेळ, सोबत मदतनीस, अन्य काही.) ही माहिती फक्त सोयींच्या व्यवस्थेसाठी वापरली जाईल. निवडीशी तिचा संबंध नाही."

शेवटचं वाक्य लिहिलं की ते पाळायचं. ही उत्तरं निवड समितीच्या तक्त्यात जाऊ देऊ नका.

*सावधान:* सोयी कळवण्याची मुदत द्यायला हरकत नाही. पण मुदतीनंतर आलेल्याला "आता काही होणार नाही" म्हणू नका. जे जमेल ते आणि जे जमणार नाही ते, दोन्ही लेखी सांगा. निर्णय त्याला घेऊ द्या.

टप्पा ४: उमेदवाराशी बोला, अंदाज बांधू नका

"कर्णबधिर म्हणजे दुभाषी" आणि "अंध म्हणजे ब्रेल" ही समीकरणं खर्चिक चुका घडवतात. लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या व्यक्तीला दुभाषी हवा असतो. तिच्यासाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा असू शकते, त्यामुळे भरभर पळणारे कॅप्शन पुरत नाहीत. उलट मोठेपणी ऐकू येणं कमी झालेल्याला सांकेतिक भाषा येतच नाही. त्याला कॅप्शन आणि नीट माइक लागतो. सांकेतिक भाषाही देशोदेशी वेगळ्या असतात, म्हणून कोणती ते विचारा. दृष्टिहीनांमध्येही बरेचजण स्क्रीन रीडर वापरतात आणि सगळ्यांना ब्रेल येतं असं नाही. अल्पदृष्टी असलेल्यांपैकी एकाला १८ पॉइंटची छपाई पुरते, दुसऱ्याला फाइल हवी असते, म्हणजे तो आपल्या पडद्यावर हवी तेवढी मोठी करून घेतो.

जी अडचण दिसत नाही तिच्याबद्दल तर अंदाज हमखास चुकतो. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, दीर्घकाळचं दुखणं, थकवा. यांना बहुधा साध्या गोष्टी लागतात: दिवसाचं वेळापत्रक आधी, ठरल्या वेळी विश्रांती, बाहेर पडून बसायला एक शांत खोली, अचानक नाव पुकारून उभं न करणं.

बोलण्यासाठी तीन प्रश्न पुरेत. याआधी कोणत्या प्रशिक्षणात कोणती सोय उपयोगी पडली? आमच्या वेळापत्रकातला कोणता भाग अवघड वाटतो? (वेळापत्रक समोर ठेवून विचारा, हवेत नको.) तुम्ही कोणती उपकरणं किंवा सॉफ्टवेअर सोबत आणणार आहात? "हे कसं झालं?" हा प्रश्न तुमच्या कामाचा नाही. ठरलेलं सगळं त्यांना लेखी पाठवा आणि प्रशिक्षकाला त्यातला फक्त गरजेचा भाग कळवा. सोय सांगायची, निदान नाही.

टप्पा ५: साहित्य

सर्वात जास्त काम इथं आहे, आणि एकदा नीट केलं की पुढच्या प्रत्येक तुकडीला ते वापरता येतं.

*अक्षरं खरी अक्षरं आहेत का?* मराठी साहित्यातला हा सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित अडथळा. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो, आणि ऐकणाऱ्याला निरर्थक खडखडाट ऐकू येतो. ओळखायची खूण सोपी: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी राहिलं तर युनिकोड, कचरा झाला तर जुना फाँट. असा मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये घ्या आणि जोडाक्षरं, रफार, नुक्ते डोळ्यांखालून घाला. रूपांतरक तिथंच अडखळतात.

युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफचाही भरवसा नाही. देवनागरी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अनेकदा वेलांट्या आणि काने इकडेतिकडे झालेले दिसतात, आणि स्क्रीन रीडरलाही तेच मिळतं. म्हणून पीडीएफ द्या, पण सोबत मूळ वर्ड फाइल, एचटीएमएल किंवा ईपब द्याच. स्कॅन केलेली पानं म्हणजे नुसती चित्रं. ती पुन्हा टाइप करून घेण्याला पर्याय शोधत बसलात तर तितकाच वेळ जातो.

*रचना.* शीर्षक म्हणजे अक्षर ठळक आणि मोठं करणं, अशी आपली समजूत असते. स्क्रीन रीडरला ते साधं वाक्यच वाटतं. वर्डमधल्या "हेडिंग १", "हेडिंग २" या शैली वापरा. मग वाचणारा कीबोर्डच्या एका कळेनं शीर्षकांवरून उड्या मारत हवं तिथं पोहोचतो, नाहीतर साठ पानी पुस्तिका त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावी लागते. तक्ते साधे ठेवा, पहिली ओळ शीर्षकाची म्हणून निश्चित करा, खाने एकमेकांत मिसळू नका. दुव्यावर "इथे क्लिक करा" लिहिण्यापेक्षा "सुरक्षा नियमांची फाइल" असं लिहा.

*चित्रं.* प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचेल असं वर्णन, द्या. "आलेख" एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखं. आलेखातून जे शिकवायचंय ते लिहा: "मे महिन्यात दोषांचं प्रमाण वाढलं आणि यंत्र बदलल्यावर जूनमध्ये निम्म्यावर आलं." आकडे महत्त्वाचे असतील तर शेजारी तक्ता द्या. कोपऱ्यातली नक्षी किंवा हसरे चेहरे "सजावटीचं" म्हणून नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती गाळून पुढे जातो.

*रंग.* अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ हवा. हा डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या 'एए' पातळीचा निकष आहे. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आकडे पाठ करायची गरज नाही, मोजणारी साधनं फुकट मिळतात. पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर, सध्याच्या डिझायनरांचा लाडका, या कसोटीवर बहुधा नापास होतो. शिवाय अर्थ फक्त रंगानं सांगू नका. "लाल खाने चुकीचे" याऐवजी लाल खान्यात फुली किंवा "चूक" हा शब्दही घाला.

*व्हिडिओ.* कॅप्शन आपोआप तयार होतात हे खरं, पण तांत्रिक संज्ञा, नावं आणि आकडे यांत ते घात करतात. औषधाचं प्रमाण किंवा विजेचा दाब चुकीचा छापला गेला तर तो प्रश्न सुगम्यतेपुरता राहत नाही. म्हणून माणसानं तपासलेलेच कॅप्शन द्या. कोण बोलतंय आणि अर्थाचे आवाज, जसं "इशाऱ्याची घंटा वाजते", तेही लिहा. अंध प्रेक्षकासाठी वेगळं वर्णन जोडण्यापेक्षा रेकॉर्ड करतानाच हातानं करतोय ते तोंडानं बोलणं स्वस्त पडतं: "आता मी डावीकडची झडप अर्धा फेरा उघडतो." सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही ठेवू नका, त्यानं फिट येऊ शकते.

*तपासा:* विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट उतरवून घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतात. फाइल उघडा, पडदा बंद करा आणि तिसऱ्या प्रकरणातला दुसरा तक्ता शोधून दाखवा. नाही सापडला तर फाइल तयार नाही. ही चाचणी सवयीच्या वापरकर्त्याकडून, मानधन देऊन, करून घेतली तर फारच उत्तम. आपल्याला स्क्रीन रीडर चालवता न येणं आणि फाइल बिघडलेली असणं यांतला फरक त्यालाच कळतो.

टप्पा ६: ऑनलाइन मंच

माऊस काढून ठेवा. टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा एवढ्यावर लॉगिन करा, धडा उघडा, व्हिडिओ थांबवा, प्रश्न सोडवा, जमा करा, बाहेर पडा. कुठं आहोत ते प्रत्येक टॅबनंतर पडद्यावर दिसलं पाहिजे. एखाद्या खिडकीत शिरून बाहेर पडता येत नसेल तर तिथं तुमचा उमेदवार कायमचा अडकणार आहे. मग पान ४०० टक्के मोठं करा. वाचण्यासाठी डावीकडे-उजवीकडे सरकवावं लागत असेल तर अल्पदृष्टीच्या माणसाला ते वाचता येणार नाही.

ओढून जोड्या लावायचे खेळकर प्रश्न प्रशिक्षकांना फार आवडतात. कीबोर्डवर ते बहुतेकदा चालत नाहीत आणि हात थरथरणाऱ्यालाही जमत नाहीत. तोच प्रश्न यादीतून निवडायच्या स्वरूपात द्या. ऑनलाइन फलकावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या उपक्रमांचंही तेच. ठेवायचेच असतील तर समांतर एक साधी सामायिक फाइल उघडी ठेवा.

थेट सत्रात चॅट आवरा. स्क्रीन रीडर प्रत्येक नवा संदेश मोठ्यानं वाचू शकतो, तेही प्रशिक्षक बोलत असताना. "नमस्कार", "मस्त", "आवाज येतोय" अशा पन्नास संदेशांत शिकवणं बुडून जातं. प्रश्नांसाठी ठरावीक वेळ द्या आणि तेव्हा ते वाचून दाखवा. छोटे गट पाडताना दुभाषी आणि कॅप्शन लिहिणारा त्या उमेदवाराच्याच गटात जातील हे आधी ठरवा. यंत्रानं आपोआप गट पाडले की दुभाषी एकीकडे आणि उमेदवार दुसरीकडे पडतो.

*सावधान:* संकेतस्थळावर "सुगम्यता" नावाचं बटण लावून अक्षर मोठं करणारी पट्टी विकत घेणं हा उपाय नव्हे. नाव नसलेलं बटण आणि कीबोर्डनं न उघडणारी यादी त्या पट्टीमागेही तशीच राहते.

टप्पा ७: जागा

फोटो बघून किंवा व्यवस्थापकाच्या "हो हो, रॅम्प आहे" यावर ठरवू नका. टेप घेऊन जा आणि गाडीतून उतरण्याच्या जागेपासून वर्गापर्यंत, वर्गापासून स्वच्छतागृहापर्यंत आणि मंचापर्यंत चाला.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर धरा. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प हवा. दोन फळ्या टाकून केलेला रॅम्प बघितलात की हा हिशेब करून बघा. टेबलाखाली गुडघ्यांसाठी साधारण ७० सेंटीमीटर उंची हवी. प्रयोगशाळा आणि कार्यशाळांत हेच विसरलं जातं. वर्ग सुगम्य असतो, काम करायचा ओटा नसतो.

स्वच्छतागृह प्रत्यक्ष उघडून बघा. सुगम्य म्हणून बांधलेल्या खोलीत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की ती तपास यादीत पहिली टाका.

दुभाषी जिथं उभा राहणार तिथं उजेड हवा. स्लाइडसाठी दिवे मालवले की तो अंधारात जातो. खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचे ओठही दिसत नाहीत. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. त्या वेळी व्हीलचेअरवरच्या व्यक्तीनं कुठं थांबायचं, सोबत कोण असेल आणि घंटा ऐकू न येणाऱ्याला कोण सांगेल, हे पहिल्या दिवशी सकाळी त्यांच्याशी बोलून ठरलेलं असावं.

टप्पा ८: प्रशिक्षकाची तयारी

प्रशिक्षकाला तासाभराची उजळणी द्या. व्याख्यान नको, सराव द्या: स्वतःच्याच एका स्लाइडवर डोळे मिटलेल्या सहकाऱ्याला ती समजेल असं बोलून दाखवायला सांगा. "हे इथं आणि ते तिथं" असं बोलायची सवय किती खोल आहे ते लगेच कळतं.

दुभाषी असेल तर त्याला स्लाइड आणि तांत्रिक संज्ञांची यादी आधी द्या. दीर्घ सत्राला दोन दुभाषी लागतात. ते साधारण २० मिनिटांनी आलटून पालटून काम करतात, कारण त्यानंतर अचूकता घसरते. "एकजण पुरेल ना?" असं विचारून पैसे वाचवलेत तर दुपारचं सत्र वाया जाईल. बोलताना उमेदवाराकडे बघून बोला. "त्यांना विचारा की…" असं दुभाष्याला सांगू नका.

प्रात्यक्षिकाच्या वेळी हमखास होणारी चूक अशी: प्रशिक्षक हातानं करतो आणि त्याच वेळी बोलतो. कर्णबधिर उमेदवाराला एकाच वेळी प्रशिक्षकाचे हात आणि दुभाषी बघता येत नाहीत. दोन्हीपैकी एक सुटतं, आणि सुटतं ते बहुधा महत्त्वाचंच. आधी सांगा, दुभाष्याचं संपेपर्यंत थांबा, मग करून दाखवा. अंध उमेदवारासाठी साधन हाती द्या, बंद आणि सुरक्षित अवस्थेत, आणि शिकवण्याआधी द्या. हात धरून शिकवायचं असेल तर आधी विचारा. पुष्कळांना तुमचा हात वर आणि त्यांचा खाली यापेक्षा उलटं आवडतं.

बाकी बारीकसारीक: श्रोत्यांचा प्रश्न माइकवर पुन्हा सांगा. एका वेळी एकानंच बोला. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" हे वाक्य वर्गातून हद्दपार करा. पाठमोरे होऊन फळ्याशी बोलू नका. सगळ्यांनी उठून जागा बदलायचे ओळखीचे खेळ बदला.

टप्पा ९: चाचणी

इथं पहिल्या टप्प्यातली टिपणं काढा. वेग ही क्षमता म्हणून लिहिली नसेल तर वेळेची मर्यादा कशासाठी? ती सगळ्यांसाठीच सैल करा. त्यामुळे "यांना जादा, आम्हाला का नाही" हा वादही संपतो. मर्यादा ठेवायचीच असेल तर जादा वेळ यंत्रात आधी भरून ठेवा. चाचणी चालू झाल्यावर पर्यवेक्षकानं प्रशासकाला फोन करण्यात त्या उमेदवाराचीच मिनिटं जातात.

लेखनिक देणार असाल तर त्याला विषयातल्या संज्ञा लिहिता आल्या पाहिजेत, आणि उमेदवाराची व त्याची आधी भेट व्हावी. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्याच सॉफ्टवेअरवर सराव चाचणी द्या, नाहीतर परीक्षा विषयाची न होता बटणं शोधण्याची होते. घरून द्यायच्या परीक्षेत कॅमेरा "नजर इकडेतिकडे गेली" म्हणून धोक्याची खूण लावत असेल तर अंध, स्वमग्न किंवा अंगविक्षेप असलेल्या उमेदवारांसाठी ती तपासणी बंद करून माणूस नेमा.

*सावधान:* दयेपोटी पास करू नका. प्रश्न कमी करणं, अवघड भाग गाळणं किंवा "प्रयत्न चांगला" म्हणून गुण देणं याचा फटका त्यालाच कामावर बसतो, आणि पुढच्या दिव्यांग उमेदवाराच्या प्रमाणपत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. मार्ग बदला, पातळी तीच ठेवा. प्रमाणपत्रावर "सोयींसह उत्तीर्ण" असा शेराही नको.

टप्पा १०: संपल्यावर आठवडाभरात

अभिप्राय शेवटच्या दिवशी कागदावर घेतला तर अंध उमेदवाराला तो दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, आणि मग खरं कोण सांगणार? तो ऑनलाइन, सुगम्य अर्जातून घ्या. "समाधानी आहात का?" यापेक्षा "कोणती सोय उशिरा मिळाली?" आणि "कोणत्या क्षणी तुम्ही मागे पडलात?" असं विचारा.

प्रशिक्षणानंतर प्रत्यक्ष काम किंवा उमेदवारी असेल तर तिथल्या पर्यवेक्षकाला उमेदवाराच्या संमतीनं सोयींची यादी पाठवा. वर्गात सगळं मिळालं आणि कामाच्या जागी पहिल्याच दिवशी सगळं नव्यानं सांगावं लागलं, असं फार होतं.

दुरुस्त केलेल्या फाइल, कॅप्शन आणि संज्ञांची यादी एका ठिकाणी ठेवा आणि जुन्या प्रती पुसून टाका. नाहीतर पुढच्या तुकडीला कुणीतरी पुन्हा तीच स्कॅन केलेली पुस्तिका पाठवतो. प्रमाणपत्राची फाइलही उघडून बघा. ती बहुधा चित्र म्हणून जतन झालेली असते, आणि उमेदवाराला त्यावर आपलं नाव बरोबर छापलंय की नाही हे तपासता येत नाही. नाव, अभ्यासक्रम आणि तारीख निवडता येणाऱ्या अक्षरांत घालून ती पुन्हा पाठवा.